उरलेल्या गोळ्यांचा डबा

माझ्या हाताखालून गेलेली वस्तू कधी वाया गेली नाही, ही माझी जुनी फुशारकी. सौदीतल्या जुबैलमधल्या एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत मी स्टोअरकीपर आहे. कारखान्यांची दुरुस्ती, पाइपलाइन, टाक्यांची डागडुजी, मिळेल ते काम आमची कंपनी घेते, आणि त्यासाठी लागणारे बोल्ट, गॅस्केट, हातमोजे, वेल्डिंगचे रॉड माझ्या खिडकीतून बाहेर जातात. नेलेलं सगळं वापरलं जात नाही. म्हणून माझा नियम असा, की उरलं ते त्याच दिवशी परत आलं पाहिजे. शंभर बोल्ट नेलेत आणि ऐंशी लावलेत, तर वीस माझ्यासमोर ठेवा आणि मग बसमध्ये चढा. या नियमापायी मी चार देशांतल्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, आणि त्या मला गोडच लागल्या.

हा नियम मी स्टोअरपुरता ठेवला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

कॅम्पमधल्या आमच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. माझ्या समोरच्या खाटेवर असायचा त्याला सगळे मिस्त्री म्हणत. मीही. खाडीच्या अलीकडे माझं गाव, पलीकडे त्याचं. तरीत बसलं की पंधरा मिनिटांत पोचता येतं. तरी गावी असताना आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो. ओळख झाली ती इथे, वाळवंटात, आणि पुढची अकरा वर्षं आम्ही एका ताटात जेवलो. तो वेल्डर होता. दोन पाइपांच्या बेचक्यात, जिथे मान वळवायलाही जागा नाही, तिथे हा तासन्‌तास उकिडवा बसून जॉइंट मारायचा आणि एक्स-रेमध्ये तो पास व्हायचा. "माझा अर्धा हुन्नर हातात हाय, अर्धा गुडघ्यात," असं तो म्हणे. इतरांना वाटे थट्टा करतोय, पण ते खरंच होतं.

आता डब्याबद्दल. रजेवरून येणारा प्रत्येक जण गावाहून सुकट आणतो, मसाला आणतो, कोकमं आणतो, आणि गोळ्या आणतो. इथल्या फार्मसीत अँटिबायोटिक मागितली तर माणूस आधी डॉक्टरची चिठ्ठी मागतो. चिठ्ठी नाही म्हटलं की हात हलवून "खलास" म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. आम्ही त्याला हसायचो. आमच्याकडे तालुक्याच्या मेडिकलमध्ये नुसतं "घसा" म्हटलं की पाकीट काउंटरवर येतं, आणि हा शहाणा कागद मागतो. म्हणून बॅगेत कपड्यांच्या घडीत पाकिटं यायची. ती सहा जणांच्या सहा पिशव्यांत विखुरलेली असत, वेळेला सापडत नसत, तारीख उलटून जायची. माझ्यातला स्टोअरकीपर ते बघू शकेना. एका जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीला, मी सगळ्यांच्या गोळ्या गोळा केल्या, बटर बिस्किटांच्या एका रिकाम्या गोल डब्यात लावल्या आणि डबा माझ्या खाटेखाली ठेवला. कुणाला काही झालं तर माझ्याकडून न्यावं. आणि बरं वाटलं की उरलेल्या परत कराव्यात.

ही कल्पना माझी. दुसऱ्या कुणाच्याही डोक्यात ती आली नसती. पाच दिवसांच्या गोळ्या नेल्या आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तर उरलेल्या तीन दिवसांच्या कशाला गिळायच्या? पुढच्या माणसाला होतील. अंगातल्या रोगाला बोल्टचा हिशेब लावणारा माणूस तुम्ही बघितला नसेल, तर तो मी.

डब्याची कीर्ती लवकरच पसरली. शेजारच्या खोल्यांतले लोक येऊ लागले. एक बिहारी गवंडी यायचा, दोन केरळी इलेक्ट्रिशियन यायचे. "स्टोअरवाले भाई, गला पकड़ा है." मी गळा बघायचो, म्हणजे मोबाइलचा दिवा घशात मारून मान हलवायचो, आणि डब्यातून चार गोळ्या काढून द्यायचो. सर्दी, खोकला, अंगदुखी, सगळ्याला तीच गोळी. सर्दी चार दिवसांत आपली आपण जातेच, पण यश डब्याला मिळायचं, आणि डब्याचं ते माझं. मिस्त्रीनेच मला डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. चिडवायला म्हणायचा, पण हळूहळू सगळा कॅम्प म्हणू लागला. गावी फोनवर त्याने बायकोला सांगितलं, तर तीही मला डॉक्टरभाई म्हणू लागली. मी वरवर "अरे नको रे" म्हणायचो. दहावीत नापास झालेल्या माणसाला डॉक्टर म्हटलेलं किती आवडतं ते कुणाला सांगून कळायचं नाही.

त्या वर्षी एका मोठ्या कारखान्याचा शटडाउन होता. म्हणजे कारखाना काही आठवडे पूर्ण बंद ठेवतात आणि तेवढ्यात सगळी दुरुस्ती उरकतात. त्या दिवसांत बारा-बारा तास काम, सुट्टीचं नाव नाही, आणि सुपरवायझरला फक्त एकच शब्द येतो, यल्ला, म्हणजे चला, आटपा. मिस्त्री एका पाइपाखाली बसून वेल्डिंग करत होता. वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब उडाला आणि त्याच्या बुटाच्या फटीतून आत गेला. वेल्डरला हे नवं नाही. सगळ्यांच्या पायावर असे डाग असतात. थेंब पडला की माणूस बोंब मारतो, बूट झटकतो आणि पुन्हा कामाला लागतो. मिस्त्रीने बोंब मारली नाही. त्याला कळलंच नाही. मोजा जळल्याचा वास शेजारच्या फिटरला आला, तेव्हा त्याने बूट काढला. त्याला शुगर होती. "थोडीशी" होती, असं तो म्हणायचा. त्या थोड्याशा शुगरने पायाची जाणीव कधी खाल्ली, त्याला पत्ता नव्हता.

आठवड्याने जखमेत पू झाला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या खिडकीशी आला आणि बुटाची नाडी सोडत म्हणाला, "काय रे डॉक्टर, तुझ्या डब्यात ह्या पायाला काय हाय काय?"

मी म्हटलं, "क्लिनिकला दाखव."

"शटडाउन चालू हाय. तिकडं त्यानी अनफिट लिवला तर सुपरवायझर उद्या दुसरा वेल्डर आणील आणि माझा एक्झिट लावून घरी धाडील. दे कायतरी."

कंपनीचं क्लिनिक कॅम्पच्या फाटकाशीच होतं. चालत गेलं तर पाच मिनिटं. मी एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. आणि हे खरंखरं लिहायला हवं, की त्याने क्लिनिकाऐवजी मला विचारलं याचं मला आत कुठेतरी बरं वाटलं. खोलीवर गेल्यावर मी डबा उघडला आणि त्याला कॅप्सूलचं एक पाकीट दिलं. त्यात दहा होत्या. तीन दिवसांत जखम सुकल्यासारखी झाली. त्याने सहा घेतल्या होत्या. उरलेल्या चार त्याने न सांगता माझ्या उशीवर आणून ठेवल्या. माझा नियम इतका चोख पाळणारा माणूस अख्ख्या कॅम्पात दुसरा नव्हता.

पंधरा दिवसांनी जखम पुन्हा उघडली. आता डब्यात त्या कॅप्सूल नव्हत्या, एका खोकलेल्या माणसाने नेल्या होत्या. मी दुसऱ्या दिल्या, पांढऱ्या, लांबट. कुणाच्या तरी दातासाठी आणलेल्या होत्या. पाच होत्या, त्याने तीन घेतल्या आणि दोन परत केल्या. मग तिसऱ्यांदा. नुकत्याच रजेवरून आलेल्या एकाने "एकदम स्ट्राँग" म्हणून आणलेलं पाकीट होतं, तेही मी फोडलं. दर वेळी जखम दोन दिवस सुकायची आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून मान हलवायचो. दर वेळी ती पुन्हा उघडायची तेव्हा आधीपेक्षा थोडी मोठी असायची. हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी पुढचं पाकीट शोधत होतो.

शटडाउन संपायला चार दिवस असताना तो कामावर थरथरायला लागला. भर दुपारी, पंचेचाळीस डिग्रीत, त्याला थंडी वाजत होती. सेफ्टीवाल्याने त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. मी हाफ डे टाकून मागोमाग गेलो. बूट काढायला नर्सला कात्री घ्यावी लागली. पाय घोट्यापर्यंत लाल झाला होता, अंगठ्याशेजारची दोन बोटं काळसर.

डॉक्टर मिसरी होता, इजिप्तचा, शांत माणूस. त्याचं इंग्रजी आम्हांला झेपेना, म्हणून एक केरळी नर्स हिंदीत सांगत होती. तिने विचारलं, "पहले कोई दवाई लिया? ऐंटिबायोटिक? नाम मालूम है?"

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं नाही. छताकडे बघत म्हणाला, "कुछ नहीं लिया, सिस्टर."

"पक्का?"

"पक्का."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

का बोललो नाही, याची मी मनाशी हजार वेळा उजळणी केली आहे. गोळ्या चिठ्ठीशिवाय बॅगेतून आलेल्या होत्या, त्यातल्या कितीतरी मीच आणलेल्या, आणि मी त्या साऱ्या कॅम्पला वाटल्या होत्या. हे ऑफिसात कळलं असतं तर माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला असता, अशी मला भीती वाटली. गावी माझी मुलगी कॉलेजात होती. हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. डॉक्टर म्हणवून घेणारा मी, त्या खऱ्या डॉक्टरसमोर उभा राहून "मी दिल्या" असं म्हणायची मला लाज वाटली. मिस्त्री खोटं बोलला तो माझ्यासाठी. मी गप्प बसलो तोही माझ्यासाठीच. त्याच्या पायाचा विचार आम्हां दोघांपैकी कुणीच केला नाही.

त्यांनी जखमेतला पू तपासायला पाठवला आणि तोवर सलाइनमधून एक औषध सुरू केलं. पहिला दिवस गेला. ताप उतरला नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावरून थेट तिकडे गेलो तर लाली घोट्याच्या वर चढली होती. नर्सने त्या लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवली होती, वाढते का बघायला. मी असतानाच लाली रेघेच्या बाहेर गेली. मिस्त्री ग्लानीत होता. मध्येच डोळे उघडून म्हणाला, "बोलू नको हां काय. तुझा नाव येईल."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोअर उघडलंच नाही. खाटेखालचा डबा काढला, पिशवीत घातला आणि टॅक्सी करून हॉस्पिटलात गेलो. नर्सच्या टेबलावर तो ठेवून म्हणालो, "इसमें से दिया. तीन बार. मैंने दिया." तिने झाकण उघडलं. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिने सगळी अर्धवट पाकिटं टेबलावर पसरली आणि तांदूळ निवडावेत तशी एकेक बाजूला करत नावं लिहून घेतली. कोणती कधी दिली, किती दिवस घेतली, असं विचारत गेली. मला बरंचसं आठवत होतं. माल कधी बाहेर गेला हे मी विसरत नाही.

तपासणीचा रिपोर्ट त्याच दुपारी आला. एका कागदावर औषधांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे इंग्रजी अक्षर. नर्सने मला दाखवला. ज्या नावापुढे एस, ते औषध या जंतूवर चालतं. ज्याच्यापुढे आर, ते चालत नाही. मी वरून खाली बोट फिरवत गेलो. आर, आर, आर. माझ्या डब्यातली तिन्ही नावं त्यात होती. पहिल्या दिवसापासून सलाइनमधून चालू असलेलं औषधही होतं. एस फक्त खाली, तळाशी, दोनदा.

मी विचारलं, "दवाई बेकार हो गया?"

ती म्हणाली, "दवाई बेकार नहीं हुआ भाई. कीड़ा सीख गया." मग तिने बसवून मला समजावलं. चुकीचं औषध, किंवा थोडंथोडं, मध्येच सोडून दिलेलं औषध जंतूंना पुरतं मारत नाही. कच्चे मरतात, चिवट उरतात. पुन्हा औषध आलं की मैदान त्यांच्याच ताब्यात. आणि ते एकाच अंगात बसून राहत नाहीत. एका हातावरून दुसऱ्या हातावर, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. ज्याने जन्मात गोळी खाल्ली नाही त्यालाही ते होऊ शकतात. सर्दीखोकल्याला तर या गोळ्यांचा उपयोगच नसतो, तरी लोक खातात, आणि जंतूंना फुकट तालीम मिळते. म्हणून तो फार्मसीवाला चिठ्ठी मागतो. ती हे रोज कुणाला तरी सांगत असावी, इतकं सरळ सांगत होती.

मी ऐकत होतो आणि मला माझं स्टोअर आठवत होतं. भारी जॉइंटला लागणारे वेल्डिंगचे रॉड आम्ही गरम भट्टीत ठेवतो. बाहेर काढलेला रॉड काही तास उघडा राहिला की हवेतली ओल पितो. वरून तो नव्यासारखाच दिसतो, पण त्याने मारलेला जॉइंट आतून तडकतो. म्हणून संध्याकाळी परत आलेला रॉड मी कधीही तसाच पुढच्या माणसाला देत नाही. प्रत्यक्ष बापाने मागितला असता तरी दिला नसता. वीस वर्षं मी रॉडच्या बाबतीत हे पाळलं. उरलेलं सगळंच पुन्हा वापरायचं नसतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लोखंडाची जेवढी काळजी मी घेतली तेवढी माणसाची घेतली नाही.

संध्याकाळी डॉक्टर आला. त्याने रिपोर्ट बघितला, माझ्या डब्यातल्या नावांची यादी बघितली, आणि इंग्रजीत काही म्हणाला. मी नर्सकडे बघितलं. ती म्हणाली, "बोल रहे हैं, यह लिस्ट पहले दिन मिलता तो..." आणि पुढचं वाक्य तिने हिंदीत केलं नाही.

औषध बदललं. दुसरी इंजेक्शनं आली, खूप जोरदार. मिस्त्रीला वेगळ्या खोलीत हलवलं आणि दारावर पाटी लावली. आत जाताना पिवळा गाऊन, हातमोजे. हातमोजे मी आयुष्यभर वाटले, पण आपल्याच माणसाचा हात धरायला घालावे लागतील असं वाटलं नव्हतं. अकरा वर्षं ज्याच्या ताटात हात घातला त्याचा हात मी रबरातून धरला. ताप उतरला. पण पायात तोवर काही उरलं नव्हतं. चार दिवसांनी त्यांनी उजवा पाय गुडघ्याच्या खालून काढला.

शुद्धीवर आल्यावर तो बराच वेळ चादरीकडे बघत होता. मग म्हणाला, "गुडघा ठेवला, ना?"

"ठेवला."

"मग झाला," तो म्हणाला आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी गाऊनमध्येच उभ्या-उभ्या रडलो. त्याने बघितलं नाही, किंवा बघितलं नाही असं दाखवलं.

डब्याचं प्रकरण ऑफिसात गेलं नाही. नर्सने सगळ्या गोळ्या हॉस्पिटलच्या फार्मसीत नष्ट करायला दिल्या आणि मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. ज्याच्या भीतीने मी दोन दिवस तोंड शिवून बसलो होतो ते कधी घडलंच नाही. दीड महिन्याने मिस्त्रीला व्हीलचेअरवरून दम्मामच्या विमानतळावर सोडलं. पासपोर्टवर एक्झिट. त्याचा वेल्डिंगचा मुखवटा त्याने मला दिला. तो माझ्या स्टोअरमध्ये खिळ्याला आहे, आणि मी तो कुणाला देत नाही.

खोलीतल्या लोकांना डबा नाहीसा झालेला आवडला नाही. बिहारी गवंडी महिनाभर माझ्याशी बोलला नाही. कुणी घसा धरून आला की मी त्याच्याबरोबर क्लिनिकपर्यंत चालत जातो. पाच मिनिटं. तिथला माणूस बहुतेकांना मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला सांगून परत पाठवतो आणि मग वाटेत मला बोलणी बसतात. अनफिट लिहिलेला मात्र आजवर एकही बघितला नाही. अनफिट झाला तो एकटाच, आणि तो क्लिनिकात गेलाच नव्हता.

त्यानंतरच्या रजेत मी खाडी ओलांडून मिस्त्रीच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. तो पडवीत खुर्चीवर बसला होता. खोटा पाय शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला. घासतो म्हणून काढला होता. तालुक्यातल्या एका ग्रिलच्या कारखान्यात तो पोरांना वेल्डिंग दाखवायला जातो म्हणाला. स्टुलावर बसून. उकिडवं बसायचं काम आलं की नुसतं तोंडाने सांगतो.

भाभीने चहा आणला, तांदळाची भाकरी आणि कोलंबी जेवूनच जायचं म्हणाली. तिने माझी इतकी सरबराई केली की मला खाली बघावंसं वाटलं. "तुमी होतात म्हणून हे जिवंत परत आले, डॉक्टरभाई," ती म्हणाली. मिस्त्री माझ्याकडे न बघता बशीत चहा ओतत होता. त्याने घरी काहीच सांगितलं नव्हतं. वर्षभर मी या घरात देवमाणूस होतो.

निघताना तिने एक पिशवी आणली. त्यांचा मोठा मुलगा बापाच्या जागी आता कमवायला बाहेर पडला होता. अबकैकला इलेक्ट्रिशियन म्हणून लागला होता. "एवढा त्याला पोचवाल काय? तुमच्यापासून लांब नाय ना." सुकट होती, कोकमं होती, तिखटाची बाटली होती. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन पाकिटं. मी कागद उलगडला.

"मेडिकलवाल्यानी दिल्यान," ती म्हणाली. "घसा, ताप, जखम, कशाला पण चालतंय. तिकडं लवकर देत नाय म्हणून."

त्यातल्या एकावरचं नाव मला पाठ होतं. रिपोर्टमध्ये वरून दुसरं.

मी खाली बसलो. मिस्त्री म्हणाला, "राहू दे रे. कशाला?" त्याला कळलं होतं मी काय करणार ते. पण मी एकदा गप्प बसलो होतो आणि त्याची किंमत समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. मी भाभीला सगळं सांगितलं. डबा, परत केलेल्या गोळ्या, तीन वेळा दिलेली तीन पाकिटं. हॉस्पिटलातले दोन दिवस. मी पायथ्याशी उभा होतो आणि बोललो नाही, हेही सांगितलं.

मग तिने एकच विचारलं, "पहिल्या दिवशी बोलला असतात तर पाय राहिला असता?"

मी म्हटलं, "माहीत नाही, भाभी. राहिलाही असता."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो अंगणाकडे बघत होता. तिने माझ्या हातातली तिन्ही पाकिटं घेतली, आत गेली, आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा पिशवीची गाठ नव्याने मारलेली होती. ती माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "सुकट न्या. पोराला सांगा, कायपण झाला तर पयला दवाखान्यात जा म्हणावा. लपवू नको म्हणावा." मग म्हणाली, "आणि तुमी त्याला काय देऊ नका."

"नाही देणार," मी म्हटलं.

तिने मला डॉक्टरभाई म्हटलं नाही, जेवायला थांबा असंही पुन्हा म्हटलं नाही. मिस्त्रीने खोट्या पायाकडे हात नेला, मग परत घेतला. पूर्वी आमच्या रजा एकत्र आल्या की तो मला वाडीच्या साकवापर्यंत सोडायला यायचा. ओढ्यावरच्या त्या लाकडी पुलाच्या ऐन मधोमध उभा राहायचा, विडी संपेपर्यंत बोलायचा आणि मग मागे फिरायचा. या वेळी त्याने खुर्चीतूनच हात वर केला. मी पिशवी उचलली आणि साकवापर्यंत एकटा चालत गेलो.